खुले पत्र: वाचणाऱ्या पेनाचे बोलणे माझ्या श्रवणयंत्रापर्यंत का पोहोचत नाही?

प्रति,
वाचन-पेने आणि श्रवणयंत्रे बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, तसेच त्यांचे महाराष्ट्रातील वितरक यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे आणि ते मला वाचता येत नाही. वाक्य चमत्कारिक वाटेल, पण ते शब्दशः खरे आहे. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात मला झटका आला. हातपाय वाचले, बोलणे वाचले, लिहिणेही वाचले. वाचले नाही ते फक्त वाचणे. अक्षरे मला दिसतात, काळी, ठसठशीत, शिरोरेषेला टांगलेली. पण निपाणीच्या पुढे गेल्यावर दुकानांवरच्या कानडी पाट्या दिसाव्यात तशी ती दिसतात. एखादे अक्षर बोटाने मांडीवर गिरवले, तर आधी हाताला ओळख पटते आणि मग डोक्याला कळते. 'कोल्हापूर' एवढा एक शब्द असा गिरवून वाचायला मला अर्धा मिनिट लागतो. देजेरीन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1892 साली या विकाराचे वर्णन करून ठेवले आहे असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आपला आजार निदान जुन्या घराण्यातला आहे एवढे समाधान मिळाले.

मी 38 वर्षे कोल्हापुरातल्या छापखान्यांत मुद्रितशोधक होतो. माझ्या आजोबांना अक्षरओळख झाली ती शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले म्हणून. त्यांच्या नातवाने लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरले. आमच्या वेळी मुद्रितशोधकाचे टेबल मशीनखात्याच्या दाराशीच असे, कारण मुद्रित ओले असतानाच हातात पडले पाहिजे. त्या धडधडीने माझे कान हळूहळू घेतले. निवृत्तीच्या सुमारास श्रवणतज्ज्ञांनी काढलेल्या आलेखात खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत होते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरली होती. व्यवहारात याचा अर्थ असा, की माणसाचा आवाज मला ऐकू येतो पण व्यंजने हरवतात. स, श, फ, थ ही अक्षरे आधी जातात. 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांतला फरक मी समोरच्याच्या ओठांवरून करतो.

पेनाला ओठ नसतात. माझ्या तक्रारीचे मूळ तेथे आहे.

ज्यांनी वाचन-पेन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जाडसर मार्कर पेनाएवढे हे उपकरण असते, त्याच्या टोकाशी छोटा कॅमेरा असतो, आणि छापील ओळीवरून ते डावीकडून उजवीकडे ओढले की टिपलेल्या चित्राचे तुकडे जोडून ते अक्षरे ओळखते आणि कृत्रिम आवाजात ओळ वाचून दाखवते. झटक्याने माझी उजव्या बाजूची नजरही गेली आहे, त्यामुळे ओढत असलेले पेन ओळीच्या मध्यावर आले की माझ्यापुरते ते नाहीसे होते. म्हणून मी ओळीखाली लाकडी फुटपट्टी धरतो आणि पेन तिच्या कडेने सरकवतो. इंग्रजी ते उत्तम वाचते. मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी अडखळते, आणि शब्द तोडून ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह आले की त्याचा तोल जातो. तरीही बातमी कळते, पत्र कळते, औषधाच्या डबीवरचे नाव कळते. हरवलेले वाचन या पेनाने मला परत दिले आहे, आणि त्याबद्दल पेन बनवणाऱ्यांचे ऋण मी मनापासून मानतो. हे पत्र आपल्या उपकरणाच्या निंदकाचे नाही, ते सोडून ज्याचे चालत नाही अशा माणसाचे आहे.

आता झाले काय ते सांगतो. माझ्या पहिल्या पेनाला हेडफोनचे साधे, 3.5 मिलिमीटरचे भोक, म्हणजे जॅक, होते. पहिले वर्षभर मी पेन कानाशी धरून ऐकत असे, आणि ते इतके मोठ्याने लावावे लागे की माझे बँकेचे पासबुक शेजारच्या घरालाही पाठ झाले असावे. पुढे कर्णबधिरांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला विचारले, "काका, तुमच्या यंत्रात टेलिकॉइल आहे का?" हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, की माझ्या दोन्ही श्रवणयंत्रांत तांब्याच्या तारेचे ते बारीक वेटोळे पहिल्या दिवसापासून होते, फक्त विकणाऱ्याने त्याचा कार्यक्रम चालूच केला नव्हता. तो चालू करून घेतला, गळ्यात घालायचा तारेचा नेकलूप आणला आणि त्याची पिन पेनात खोचली. नेकलूप आवाजाचे चुंबकीय क्षेत्र तयार करतो, टेलिकॉइल ते क्षेत्र टिपते, आणि श्रवणयंत्र माझ्या आलेखाप्रमाणे दुरुस्त करून तो आवाज कानात सोडते. मधली हवा, पंखा, रस्त्यावरची रिक्षा, सगळे गळून पडते. त्या संध्याकाळी मी वर्तमानपत्राचे अख्खे पहिले पान फुटपट्टी लावून ऐकले. जेवायला दोनदा बोलावले तरी उठलो नाही.

हे सुख वर्षभर टिकले. गेल्या पावसाळ्यात ते पेन फरशीवर पडून फुटले, म्हणून मी त्याच कंपनीचे नवे पेन मागवले. नवे पेन देखणे आहे, पूर्वीपेक्षा झटपट वाचते, आणि त्याला हेडफोनचे भोक नाही. खोक्यावर मात्र 'ब्लूटूथ' असे ठळक छापले आहे, आणि माझ्या श्रवणयंत्रांच्या खोक्यावरही तेच छापलेले होते. साध्या माणसाने यावरून काय समजावे? मी दोन्ही उपकरणे टेबलावर शेजारी ठेवली आणि घरातल्या मुलांनी दोन रविवार खटपट केली. पेनाच्या यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही दिसला, खालच्या गल्लीतला कोणाचा तरी स्पीकर दिसला. माझी श्रवणयंत्रे दिसली नाहीत.

मी वितरकाला लिहिले. दहा दिवसांनी उत्तर आले, त्याचा मथितार्थ असा: हल्ली सर्व ग्राहक ब्लूटूथच वापरतात म्हणून जॅक काढला आहे, श्रवणयंत्र आमच्या सुसंगत उपकरणांच्या यादीत नाही, आपण श्रवणयंत्र काढून ठेवावे आणि हेडफोन वापरावा. तेच पत्र घेऊन मी श्रवणयंत्र विकणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पेन हातातही न घेता सांगितले, की आमचे ब्लूटूथ मोबाइलसाठी आहे, पेनाचे पेनवाल्यांना विचारा. या टोलवाटोलवीत सहा महिने गेले, आणि म्हणून हे पत्र उघडे लिहिण्याची वेळ आली.

दोघेही खोटे बोलत नाहीत हे मला नंतर समजले, आणि ते समजवून दिले उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेल्या माझ्या एका मित्राने. त्याने टेबलावर एक बोल्ट आणि एक नट ठेवला. दोन्ही अर्ध्या इंचाचे. म्हणाला, "लाव." एक-दोन वेढे नट बसला आणि मग करकचून अडकला. बोल्टाला जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला 12 आटे होते आणि नटाला अमेरिकी पद्धतीचे, इंचाला 13. तो म्हणाला, "दोन्हींवर अर्धा इंच लिहिलंय, आणि दोन्ही खरं सांगतायत. पण आटे कुठले ते लिहिलं नाही तर गिऱ्हाइकानं काय करायचं?"

ब्लूटूथचेही असेच आहे. साधे बिनतारी हेडफोन चालतात ते जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर, आणि त्यावरून आवाज पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीला ए-टू-डी-पी म्हणतात. माझे पेन एवढी एकच पद्धत जाणते. ही पद्धत वीज जास्त खाते आणि श्रवणयंत्राची बॅटरी असते तुरीच्या दाण्याएवढी, म्हणून बहुतेक श्रवणयंत्रांनी कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथ लो एनर्जीची वाट धरली. त्या वाटेने आवाज नेण्याची सामाईक पद्धत तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मग ॲपलने आपल्या फोनसाठी स्वतःची पद्धत काढली आणि तशी श्रवणयंत्रे 2014 च्या सुमारास बाजारात आली. गूगलने ॲशा नावाची दुसरी काढली, ती 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून फोनांत आली. काही थोडी श्रवणयंत्रे क्लासिक ब्लूटूथही घेतात, माझी घेत नाहीत. सर्वांना जोडणारी एलई ऑडिओ ही पद्धत 2020 च्या जानेवारीत जाहीर झाली आणि 2022 च्या जुलैमध्ये तिची मानके पूर्ण झाली. ती घडवण्याच्या कामात युरोपातील श्रवणयंत्र उत्पादकांची संघटना 2014 पासून होती, म्हणजे ही सोय कानाने अधू असलेल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच झाली आहे. आटे एक झाले आहेत. आपण अजून जुनेच नट-बोल्ट विकत आहात, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तक्रारी एकेक मांडतो.

पहिली तक्रार खोक्यावरच्या त्या एका शब्दाची. 'ब्लूटूथ' असे नुसते लिहिणे म्हणजे औषधाच्या बाटलीवर नुसते 'गोळ्या' असे लिहिण्यासारखे आहे. कोणते ब्लूटूथ, आवाजाची कोणती पद्धत, कोणत्या उपकरणांशी जोडून पाहिले आहे, हे खोक्यावर नाही, माहितीपुस्तिकेत नाही, आणि विक्री करणाऱ्या माणसालाही माहीत नाही. माझ्या दोन श्रवणयंत्रांना मिळून लाखाच्या वर पैसे गेले. घेण्यापूर्वी ही एक ओळ वाचायला, म्हणजे माझ्या बाबतीत ऐकायला, मिळाली असती तर मी दुसरी यंत्रे निवडली असती.

दुसरी तक्रार 'श्रवणयंत्र काढा आणि हेडफोन लावा' या सल्ल्याची, आणि ती थोडी सविस्तर मांडणे भाग आहे, कारण हा सल्ला देणाऱ्याला श्रवणयंत्र म्हणजे काय हेच माहीत नसावे. श्रवणयंत्र म्हणजे नुसता कर्णा नव्हे. माझ्या कानांना जे सूर ऐकू येतात ते तसेच ठेवून, जे येत नाहीत तेवढेच ते उचलते. हेडफोन सगळेच मोठे करतो. व्यंजने ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवावा तर स्वर कानावर आदळतात, आणि 'स' तरीही सापडत नाही. श्रवणयंत्र कानात ठेवून त्यावर मोठा हेडफोन घातला तर यंत्र शिट्टी मारू लागते. काढून ठेवले तर पत्नीची हाक, दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, सगळ्यालाच मुकतो. वाचायचे असेल तर घरातल्या माणसांपासून तुटून बसा, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो. गेल्या श्रावणात या सल्ल्याप्रमाणे हेडफोन लावूनच मी विजेचे बिल ऐकले. शेवटची तारीख 7 होती, मला 'आठ' ऐकू आले, आणि एक दिवस उशीर झाल्याचा आकार भरावा लागला. रक्कम किरकोळ होती. पण त्या दिवसापासून औषधाच्या चिठ्ठीवरचे आकडे मी पेनाने ऐकत नाही, सुनेला वाचायला सांगतो. आणि ज्या गोष्टीसाठी पेन घेतले ती गोष्ट पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली.

तिसरी तक्रार मला सर्वांत जिव्हारी लागलेली आहे. आपले पेन जगातले सगळे वाचते, स्वतःचा पडदा तेवढा वाचत नाही. ब्लूटूथ जोडायचे तर बोटाच्या पेराएवढ्या पडद्यावर यादी उघडावी लागते, त्यात बारीक अक्षरांतली नावे असतात, त्यातले बरोबर नाव निवडावे लागते, मग 'जोडले' किंवा 'जोडता आले नाही' असे काहीतरी उमटते आणि दोन सेकंदांत पुसले जाते. यातले एक अक्षर पेन बोलून दाखवत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बनवलेले उपकरण चालू करायला वाचता येणारा माणूस लागतो. पाच मिनिटे हात लागला नाही की पेन झोपते, उठल्यावर कधी जोडणी आठवते, कधी विसरते. आणि विसरले की मी संध्याकाळी मुले घरी येईपर्यंत थांबतो. असे मुद्रित माझ्या टेबलावर आले असते तर मी ते लाल शाईने भरून परत पाठवले असते.

चौथी तक्रार काढून टाकलेल्या जॅकची. जॅक म्हातारा झाला असेल, पण तो कोणाला परका मानत नसे. त्यात नेकलूप चालत असे, श्रवणयंत्रापर्यंत आवाज पोहोचवणारे कोणत्याही कंपनीचे मधले यंत्र चालत असे, कानाला त्रास नसलेल्या विद्यार्थ्याचा साधा इअरफोन चालत असे. नवी सोय सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच आपण जुनी बंद केलीत. शहराने नवा पूल बांधायला घ्यावा आणि तो पुरा होण्याआधी शिवाजी पूल पाडून टाकावा, असा हा प्रकार आहे.

पाचवी, श्रवणयंत्रे विकणाऱ्यांबद्दल. टेलिकॉइल असूनही सांगायचे नाही, चालू करायचे नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारले की 'ते जुने झाले' म्हणायचे. मग स्वतःच्याच कंपनीचे गळ्यात अडकवायचे मधले यंत्र दाखवायचे, ज्याची किंमत मला 18,000 रुपये सांगण्यात आली आणि जे पुढे यंत्र बदलले तर चालेलच याची हमी नाही. आवाज पोहोचायला जरा उशीर होतो म्हणून साध्या ब्लूटूथची जोडणी देत नाही, असेही एका ठिकाणी ऐकवले गेले. टीव्ही पाहताना ओठ आणि आवाज जुळले पाहिजेत हे खरे, पण पेनाने वाचलेली ओळ पाव सेकंद उशिरा कानात आली तर कोणाचे काय बिघडते?

शेवटची तक्रार छोटी आहे. आपल्या दोघांपैकी कोणीही, एकदाही, दुसऱ्याला फोन करून विचारले नाही.

सध्या मी काय करतो तेही सांगतो, म्हणजे 'ग्राहकाने प्रयत्न केला नाही' असे म्हणायला जागा उरणार नाही. शाहूपुरीतल्या एका दुकानातून भाच्याने आगपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर आणून दिला. पेनाला तो हेडफोन वाटतो, म्हणून पेन त्याला आवाज देते. रिसीव्हरला जॅक आहे, त्यात जुना नेकलूप खोचला आहे. नेकलूप माझ्या गळ्यात आहे आणि टेलिकॉइल कानात. आधी रिसीव्हर चालू करायचा, त्याचा निळा दिवा लुकलुकू लागला की मग पेन. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकखाली किंवा इन्व्हर्टरजवळ बसलो तर कानात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण येते, म्हणून आमच्या घरात माझी वाचायची जागा आता खिडकीपाशी ठरली आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या गावाला वाचायला देते आहे. तेथे वाचनकक्षात बसायची माझी जुनी सवय होती, ती मी तुकडे जोडून केलेल्या या गोधडीच्या जोरावर पुन्हा सुरू केली, पण टेबलावर तीन उपकरणे, गळ्यात तार आणि हातात फुटपट्टी पाहून शेजारी वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ माझ्याकडेच वाचल्यासारखे बघत असतात. तरीही सांगतो, ही गोधडी चालते. 'सात' हा 'सात' ऐकू येतो. शे-पाचशेच्या रिसीव्हरने आणि माळेसारख्या गळ्यात घालायच्या तारेने जे होते, ते आपल्या अभियंत्यांना पेनाच्या पोटात करता येणार नाही यावर मी विश्वास ठेवणार नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पेन असो वा श्रवणयंत्र, खोक्यावर आणि जाहिरातीत नुसते 'ब्लूटूथ' लिहिणे थांबवावे. क्लासिक आहे की एलई ऑडिओ, ॲपलची पद्धत आहे की ॲशा, टेलिकॉइल आहे की नाही, हे मराठीत आणि ठळक छापावे. याला संशोधन लागत नाही, फक्त छपाई लागते, आणि छपाईचा खर्च किती येतो हे मला चांगले ठाऊक आहे.

पेनाचा प्रत्येक पडदा, विशेषतः जोडणीचा, बोलका करावा. जोडणी झाली, तुटली, बॅटरी संपत आली, हे पेनाने तोंडाने सांगावे. विकल्या गेलेल्या पेनांनाही ही सुधारणा इंटरनेटवरून मोफत पाठवावी. पेनात आवाज आधीच आहे, त्याला एवढी वाक्ये शिकवायची आहेत.

पुढच्या पेनांत एलई ऑडिओ द्यावे, आणि ते बाजारातील बहुतांश श्रवणयंत्रांत रुळेपर्यंत 3.5 मिलिमीटरचा जॅक परत आणावा. ज्यांना जॅक नसलेले पेन आधीच विकले आहे त्यांना कंपनीने तपासलेला रिसीव्हर विनामूल्य द्यावा. माझा मी घेतलेला आहे, तो मागत नाही; माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मागतो.

श्रवणयंत्रे विकणाऱ्यांनी यंत्र देण्यापूर्वी ग्राहक रोज वापरतो ती उपकरणे घेऊन यायला सांगावे आणि त्याच्या समोर जोडून दाखवावे. जोडली गेली नाहीत तर तसे पावतीवर लिहावे. टेलिकॉइल असेल तर ते चालू करूनच यंत्र हातात द्यावे.

आणि सरकारी खरेदी करणाऱ्यांसाठी, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात यावे अशी इच्छा आहे: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 42 मध्ये रोजच्या वापरातील इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हाव्यात असे म्हटले आहे, आणि कलम 17 मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षे वयापर्यंत सहाय्यक उपकरणे मोफत द्यावीत असे आहे. डिजिटल उपकरणांच्या सुगम्यतेसाठी आयएस 17802 हे भारतीय मानक 2021 आणि 2022 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले आहे. उद्या एखाद्या शाळेत वाचनदोष असलेल्या आणि कानालाही यंत्र असलेल्या मुलाला एका योजनेतून पेन मिळेल, दुसऱ्या योजनेतून श्रवणयंत्र मिळेल, दोन्ही निविदा नियमाप्रमाणे झालेल्या असतील, आणि परीक्षेच्या दिवशी त्या मुलाच्या हातात 12 आट्यांचा बोल्ट आणि 13 आट्यांचा नट असेल. खरेदीच्या अटींत 'दोन्ही एकत्र जोडून दाखवावे' एवढे एक वाक्य घातले तर हे टळते. अमेरिकेत 2024 साली सर्व मोबाइल फोन श्रवणयंत्रांशी सुसंगत असले पाहिजेत असा नियम झाला, आणि त्यातल्या ठरावीक हिश्श्याच्या फोनांना ब्लूटूथने जोडण्याची सोय कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेल्या पद्धतीने देणे बंधनकारक केले गेले. फोनासाठी जे होऊ शकते ते पेनासाठीही मागता येते.

या पत्राचा मसुदा माझ्या सुनेने संगणकावर उतरवला आणि छापून दिला, आणि मी तो खिडकीपाशी बसून फुटपट्टीच्या कडेने ओळ-ओळ ऐकत तपासला. पेनाने 'श्रवणयंत्रे' हा शब्द बहुतेक ठिकाणी तोडून वाचला आणि 'ऱ्हस्व'पाशी ते गप्पच झाले. तरी सुनेच्या दोन चुका त्याच्यामुळे मला सापडल्या, त्यातली एक वेलांटीची होती.

आपल्या दोन्ही पक्षांकडून मी 30 दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा ठेवतो. उत्तर कागदावर, किमान 12 पॉइंटच्या साध्या टायपात, ओळींमध्ये अंतर ठेवून आणि ओळीच्या शेवटी शब्द न तोडता छापून पाठवावे. हस्ताक्षर माझ्या पेनाला वाचता येत नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
कोल्हापूर